फाटकावरचं पिवळं फडकं

१ सप्टेंबर

शंभर टक्के हुकले! कानेआजींनी यंदाही फडकं बांधलं नाही.

सकाळी त्सुनामीच्या कवायतीचा भोंगा झाला आणि सगळी वाडी देवळामागच्या पायऱ्या चढून वर. डोक्यावर हेल्मेट, पाठीला सॅक, फाटकावर पिवळं फडकं. फडक्याचा अर्थ — घरातली सगळी माणसं आहेत आणि सुखरूप आहेत, आत बघायची गरज नाही. फडकं दिसलं की गस्तीवाले पुढे जाणार. नाही दिसलं की आत शिरून हाका मारणार. सोपा नियम. आमच्या ह्यांनीच वाडीला लावलेला. पाणीखात्यातून निवृत्त झाले आणि वाडीच्या आपत्ती-मंडळाचे प्रमुख होऊन बसले.

देवळापाशी मोजणी झाली. एकच घर राहिलं. कुणीतरी म्हणालं, "मोरिहिदेसान, आजींच्या फाटकावर तुम्हीच बांधून टाका की! कुणाला कळतंय?" ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा हेल्मेट नीट करायला लागला. "खोटं फडकं चालायचं नाही. एक खोटं निघालं, की बाकीच्यांवर कोण भरवसा ठेवणार?"

मग नियमाप्रमाणे आजींच्या घरात शिरले. आजी चहा पीत बसलेल्या. "मी मेले का जिवंत ते येऊन बघा ना. फडक्याला काय विचारता?" वर ह्यांनाच चहा पाजला!

३ सप्टेंबर

मिसुझुचा फोन. "पाय सुजलेत आई. वाकताच येत नाही. तू कधी येतेस?"

पहिलं बाळंतपण माहेरी, हीच आपली रीत. तिच्या वेळी मीसुद्धा आईकडेच होते. पण ह्यांनी वसंतातच लेकीला सांगून टाकलं, "इकडे यायचं नाही. समुद्रापाशी ओली बाळंतीण आणि तान्हं पोर — भोंगा झाला तर पायऱ्या कशा चढवायच्या?" बरं, ठीक. मग मी जाते तिकडे. तिचं गाव इइदा डोंगरात आहे, चारी बाजूंना सफरचंदाच्या बागा, समुद्राचं नावसुद्धा नाही. तर म्हणे, "योजनेत दोन माणसं आहेत. एकाने बॅटरी धरायची, एकाने सॅक घ्यायची. एक माणूस गेलं की योजना मोडली."

म्हणजे मी माणूससुद्धा नाही. बॅटरी धरणारा हात आहे!

७ सप्टेंबर

मिरपूड काढायला आज दोन्ही हात लागले. कपाटाला खिटी, खिटीला वर आणखी एक खिटी. भूकंपात भांडी बाहेर पडू नयेत म्हणून. मेल्या भूकंपात काय पडायचं ते पडेल तेव्हा पडेल, इथे रोज माझी बोटं चेमटतात.

या घरात आता वावरायला जागा उरली नाही. प्रत्येक कपाटाच्या डोक्यापासून छतापर्यंत लोखंडी दांडे. पलंगाशेजारी दांडे, देव्हाऱ्याशेजारी दांडे. पाहुणा आला तर म्हणेल, हिला गजाआड का ठेवलंय? खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवलाय, त्यामुळे समुद्रसुद्धा धुरकट दिसतो. उशापाशी बूट. न्हाणीतला टब कायम भरलेला. आंघोळ झाली की लगेच पुन्हा भरा. मिसुझुच्या खोलीची कोठी झालीय. पाण्याचे खोके, बांगड्याचे डबे, सुकवलेला भात, लाल चवळीच्या गोड वड्या. पोरीचं पियानोचं स्टूल होतं ना, त्यावर आता संडासाच्या पिशव्यांचे गठ्ठे.

भोंगा ऐकू येणार नाही इतकं लांब मी जायचं नाही. गेल्या वर्षी बहिणीबरोबर गरम झऱ्यांवर जायचं ठरलं, सामान बांधलं, आणि मोठ्या भूकंपाचा इशारा लागला. सामान सोडलं. भूकंप काही आला नाही. बहिणीने मग पुन्हा विचारलंच नाही.

८ सप्टेंबर

काल फार चिडून लिहिलं. पण खोटं काहीच नाही.

पूर्वी हे असे नव्हते. हसायचे. खात्याने त्यांना एकदा उत्तरेकडे पाठवलं होतं, भूकंपानंतर, नळ जोडायला. तिकडून आले ते गप्पच. काय बघितलं, कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून पहिला दांडा आणला आणि माझ्या कपाटाला लावला. सगळ्यात आधी माझ्या. हे खरं, पण म्हणून जन्मभर कोंडून घ्यायचं का मी?

१२ सप्टेंबर

आज जेवताना सरळ बोलले. "अहो, मी मिसुझुकडे जाणार. दोन महिने. तुमचं जेवण गोठवून ठेवते."

"वीज गेली की गोठवलेलं सगळं वाया जातं."

"मग डबे खा! एवढे आणलेत ते कुणासाठी?"

खाली बघून भात खात राहिले. मग म्हणाले, "वादळांचा महिना आहे. नंतर बघू." नंतर म्हणजे कधी? पोर काय योजनेप्रमाणे पोटात थांबणार आहे?

मला रडू आलं. टबातलं पाणी बदलायच्या निमित्ताने न्हाणीत जाऊन रडले. तेवढा एक उपयोग त्या टबाचा.

१५ सप्टेंबर

ठरलं. विचारायचं नाही, सांगायचं नाही, जायचं! इइदाला पोचले की फोन करीन. मग ओरडू देत फोनवर.

कोठीत माझी आणीबाणीची सॅक आहे. तीच नेणार. डबे काढून तळाशी कपडे भरले, वर रेडिओ आणि कंदील तसाच ठेवला, म्हणजे उघडली तरी वरवर तीच दिसेल. पट्ट्याला शिट्टी अडकवलेली असते, अडकून पडलो तर वाजवायला. ती पत्र्याच्या कपावर सारखी खणखणते. सॅक उचलली की घरभर कळणार. काढली आणि स्वयंपाकघरात खिळ्याला लावून टाकली.

चोरी करत असल्यासारखी छाती धडधडत होती. स्वतःच्या घरात, स्वतःची पिशवी, आणि मी चोर!

२० सप्टेंबर

रविवार. रविवारी हे दोन्ही सॅका तपासतात. मी तांदूळ धूत होते, हात थांबले. कोठीतून बराच वेळ काही आवाजच नाही. आता बाहेर येतील आणि विचारतील — शिट्टी कुठे? डबे कुठे?

बाहेर आले. "चहा कर गं," म्हणाले. बस्स!

बघितलंच नसावं नीट. डोळ्यांना कमी दिसायला लागलं की काय! संध्याकाळी मी सॅक हळूच उचलून बघितली, तर वाटली त्याहून जड. घाबरून हात गेले असतील माझे.

२१ सप्टेंबर

दक्षिणेला वादळ तयार झालंय. आमचे सेनापती खुशीत. नाही, खुशीत नाही म्हणायचं. कामात.

२२ सप्टेंबर

वादळ सरळ आमच्याच किनाऱ्यावर येणार म्हणे. वाडीतल्या सगळ्यांनी परवा सकाळपर्यंत शाळेच्या सभागृहात जमायचं. डोंगराची घरं आधी. आमचं घर चढणीवर शेवटचं, मागे डोंगर, बाजूला ओढा.

मिसुझुचा फोन. "आई, तिकडचं बघून भीती वाटते गं." मी म्हटलं, "मी येतेय." ती म्हणाली, "बाबा सोडतात होय!" मी म्हटलं, "तू पाय वर करून पड. मी येतेय."

२३ सप्टेंबर

हे दुपारीच सभागृहात गेले. चटया घालायच्या, जनित्र लावायचं, म्हाताऱ्यांना न्यायचं. आता वादळ जाईपर्यंत तिथेच. मला म्हणाले, "तू उद्या सकाळी ये. येताना फडकं बांध."

उद्या सकाळची पहिली बस सुटणार आहे, त्यानंतर सगळ्या बंद. म्हणजे हीच ती वेळ. घरी नाही दिसले तर म्हणतील सभागृहात असेल, सभागृहात नाही दिसले तर म्हणतील घरून निघाली असेल. आणि फाटकावर फडकं. कुणी आत येऊन बघणारच नाही. तोवर मी बसमध्ये! त्यांचाच नियम, त्यांच्याच फाटकावर.

दारात बूट घालताना हे जरा थांबले. माझ्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. "वारा गार असतो. कान झाकून घे," म्हणाले. सप्टेंबरात! घामाने पाठ भिजलीय इथे. मी "हो" म्हटलं.

गेले. उतारावर दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले. का ते माहीत नाही.

२४ सप्टेंबर

अडकले.

वही-पेन रात्रीच सॅकमध्ये वर टाकलं होतं. लिहिते म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

सकाळी फाटकावर फडकं बांधलं. वाऱ्याने सुटू नये म्हणून दोनदा गाठ मारली. पाऊस आडवा येत होता. कोट दाराशी टांगला, फोन कोटाच्या खिशात, छत्री तयार. फक्त कोठीतली सॅक आणायची होती. एवढंच. आत गेले, सॅक खांद्याला लावली, आणि मागून आवाज आला. कसला ते कळलंच नाही. पायाखालची जमीन ढकलल्यासारखी झाली. दिवा गेला.

डोंगराची माती आलीय. मागची भिंत आत वाकलीय, खिडकी चिखलाने भरली. सरकतं दार चौकटीत असं बसलंय की तसूभर हलत नाही. पलीकडे बोळात खोके कोसळल्याचा आवाज आला, तेही दाराला टेकले असणार. पाय मुरगळलाय. बाकी काही लागलं नाही. फळ्या पडल्या असत्या तर मी खालीच होते. नाही पडल्या. एकसुद्धा नाही! भिंतीला बोल्टने आवळून ठेवल्यात.

ओरडले. ओढा असा गरजतोय की माझा आवाज मलाच ऐकू येईना.

२४ सप्टेंबर, दुपार

शिट्टी! शिट्टी स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. माझ्याच हाताने लावलेली.

कंदील आहे. रेडिओ आहे. पाणी, भात, बांगडे, सगळं आहे, महिनाभर पुरेल. संडासाच्या पिशव्यासुद्धा. एवढ्या तयारीत मरायला बरं पडेल! हसले एकटीच. मग हसणं थांबेना, तेव्हा घाबरले.

रेडिओ फिरवून बातम्या ऐकल्या. सगळीकडे वीज गेलीय, फोन बंद, घाटरस्ता खचलाय. आमच्या गावची सकाळची ती एकच बस मात्र वेळेवर निघून घाट पार करून गेली. प्रवासी सुखरूप.

म्हणजे माझी जागा रिकामी गेली.

२५ सप्टेंबर

वादळ गेलं असावं. वारा नाही, पण ओढा तसाच. सकाळी भिंत कण्हली. खरंच कण्हली. तिला पोट आलंय, कालच्यापेक्षा जास्त. फटीतून बारीक चिखल येतोय. मी सगळे पाण्याचे खोके ओढून तिला टेकवले. लंगडत, बसत, ढकलत. थांबेल? कोण जाणे.

बांगड्याच्या रिकाम्या डब्याने दार बडवलं. हात सुजेपर्यंत बडवलं.

मग माणसांचे आवाज आले! वळणापाशी, खाली. गस्तीवाले! मी जीव खाऊन ओरडले. आवाज थांबले, जरा वेळ गेला, आणि लांब गेले. वर आलेच नाहीत. कशाला येतील? फडकं आहे ना! दोनदा गाठ मारलेलं!

दिवसभर त्या फडक्याला शिव्या घातल्या. मग स्वतःला. मिसुझुला पोरगा झाला का मुलगी, हे न कळता मी इथे मातीत जाणार, हाच विचार डोक्यात फिरतोय. मला ते पोर बघायचंय. बाकी काही नको.

२५ सप्टेंबर, संध्याकाळ

थंडी वाजायला लागली म्हणून सॅकमधला स्वेटर काढायला गेले. आणि मी न ठेवलेलं हाताला लागलं.

लोकरीची टोपी. नवी, कान झाकणारी. अंग शेकायच्या गरम पुड्या, केवढ्या तरी. माझा जादा चष्मा. रक्तदाबाच्या गोळ्या, दोन महिन्यांच्या. आणि सगळ्यात तळाशी, मऊ कागदात गुंडाळलेलं एक चिमुकलं टोपरं. जाड, कापूस भरलेलं, हनुवटीखाली बंद. शाळेतली मुलं भूकंपासाठी घालतात तसलं. पण हे एवढंसं! एवढंसं असलं कुठे मिळतच नाही. शिवून घेतलं असणार.

ह्यांना माहीत होतं.

त्या रविवारी कोठीतून आवाज येत नव्हता, तेव्हा हे माझी सॅक भरत होते. वारा गार असतो म्हणे! इइदाचा वारा!

टोपरं तोंडावर धरून रडले. आयुष्यात त्या माणसाचा इतका राग आला नव्हता. तोंडाने सांगायला काय झालं होतं? जा म्हणायला काय झालं होतं?

आणि मग कळलं. सभागृहात मी पोचले नाही, तरी हे मला शोधणार नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतील, मुलीकडे गेली. बस सुखरूप गेली हे रेडिओवर त्यांनीही ऐकलं असेल. वाडीत मला शोधेल असं एकच माणूस होतं, आणि तेच एक नक्की जाणून बसलंय की मी इथे नाही.

२६ सप्टेंबर

चिखल खोक्यांच्या वर आलाय. वरून घरंगळतो आणि थांबतो. पुन्हा घरंगळतो.

टोपी घातलीय मी. कान झाकलेत. ऐकलंच शेवटी त्यांचं.

२६ सप्टेंबर, नंतर

हे आले होते! फाटकाची कडी वाजली. नंतर खोकला. तो खोकला मी लाखात ओळखीन. "अहो! अहो, मी इथे!" घसा फाटला. डबा आपटला, कंदील आपटला, फुटला. ते आत आलेच नाहीत. फाटकापाशीच घुटमळले. पुन्हा कडी वाजली. गेले.

स्वतःच्या घरात पाऊलसुद्धा न टाकता गेले.

अंधारात अंदाजाने लिहितेय. आता लिहवत नाही.

२७ सप्टेंबर

सभागृहातून लिहितेय. पाय बांधलाय. बाहेर ऊन आहे! नुसतं बघत बसलेय.

कानेआजींनी दोनदा सांगितलं, तेव्हा सगळं समजलं. हे काल घरी गेले ते फडकं सोडायला. बाकी कशासाठी नाही. घरात कुणी नाही, मग 'सगळे आहेत' म्हणून फडकं कसं ठेवायचं? खोटं होतं ना ते! वाडी चिखलात, वीज नाही, तीन घरं कलंडलेली, आणि हा माणूस चढण चढून स्वतःच्या रिकाम्या घरावरचं खोटं फडकं सोडायला गेला. माझ्या गाठी सुटेनात म्हणून घुटमळले होते. माती घराच्या मागे, फाटकातून दिसली नाही; ओढा फाटकाला लागूनच, माझा आवाज पोचला नाही. आत का नाही गेले, ते आजींना म्हणाले म्हणे — "रिकामं घर बघवलं नसतं."

खाली येताना फडकं हातातच. सभागृहाच्या पायरीवर आजी बसलेल्या.

"मोरिहिदे, तुझ्या फाटकावर फडकं दिसत नाही रे."

"मीच सोडलं. घरात कुणी नाही."

"आत जाऊन बघितलंस?"

"नाही. पण मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे! दर वर्षी माझ्या घरात बूट काढून शिरतोस. म्हातारी समोर चहा पीत असते, तरी शिरतोस. म्हणतोस, नियम म्हणजे नियम. मग तुझ्या घराला नियम नाही? का नियम फक्त म्हातारीला?"

आजी सांगतात, ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "नोबुए मुलीकडे गेलीय, आजी. मला न सांगता गेलीय. घर मोकळं आहे." सगळ्यांसमोर म्हणाले. आणि तरीही निघाले. कारण नियम. दोन माणसं आणि पहार घेऊन पुन्हा चढण चढले, स्वतःच्या घरात शिरले आणि नियमाप्रमाणे हाक मारली — कुणी आहे का आत?

मी डब्याने दार बडवलं. एकदाच. तेवढाच जीव उरला होता.

दार निघालं तेव्हा समोर हेच. पहार हातात, तोंड उघडं. डोक्यावरची लोकरीची टोपी बघतायत, मला बघतायत, चिखल बघतायत.

"अगं," म्हणाले, "बस चुकली का?"

मी "हो," म्हटलं. मग त्यांच्या हातातून पहार पडली. माझ्या पायावर पडता पडता वाचली. आणि आमचे सेनापती बोळातल्या खोक्यांवर बसून लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बरोबरचे दोघे भिंतीकडे बघत उभे राहिले.

आम्ही बाहेर आलो आणि सगळे चहा पीत असताना कोठी गेली. मिसुझुची सबंध खोली. स्टूल, डबे, खोके, सगळं मातीत.

३० सप्टेंबर

वीज नाही. सभागृहात चटईवर शेजारी शेजारी झोपतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मधे दांडा नाही.

आज विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"शिट्टी नव्हती ना."

"मग बोलला का नाहीत?"

"आवाज होऊ नये म्हणून काढलीस, हे कळलं. म्हटलं, हिला एवढं चोरून जावंसं वाटतंय, तर जाऊ दे." मग, "शिट्टी परत लावायला हवी होती मी."

तेवढंच बोलले. माझा राग अजून गेलेला नाही. पण आता तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

४ ऑक्टोबर

फोन सुरू झाले. मिसुझु रडली, ओरडली, पुन्हा रडली. "आई, तू नाही आलीस तरी चालेल, पण तिथे राहू नकोस!" सगळ्यांना मला कुठे ना कुठे ठेवायचंय.

उद्यापासून घाटरस्ता चालू. बस सुटणार.

रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, "उद्या जाते. तुम्ही चला."

"घर उपसायचंय. वाडीत म्हातारी माणसं आहेत."

"माहीत होतं मला," मी म्हटलं. आणि खरंच माहीत होतं.

५ ऑक्टोबर

बसमध्ये. सॅक थांब्यापर्यंत ह्यांनी आणली. पट्ट्याला शिट्टी होती. खणखणत होती सगळ्या रस्त्याने. मी विचारलं, "एकच माणूस उरलात, योजनेचं काय?" म्हणाले, "बॅटरी कपाळाला बांधता येते."

परत कधी येणार, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मलाच माहीत नाही. घाटाच्या वळणावर समुद्र दिसला, स्वच्छ, कागदाशिवाय. मग दिसेनासा झाला आणि मी मोकळा श्वास घेतला. लाज वाटली, पण घेतला.

१७ ऑक्टोबर

मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत. मी आजी!

ह्यांना फोन केला. आधी दोनदा 'मुलगी?' म्हणून विचारलं. मग म्हणाले, "टोपरं बसलं का?"

मोठं होतंय, म्हटलं. "वाढेल," म्हणाले.

२९ ऑक्टोबर

इथे कपाटं एका हाताने उघडतात. टब रिकामा असतो. बाळाला न्हाऊमाखू घालते, खिडकीत बसते, सफरचंदं सोलते. मिसुझु म्हणते, "आई, इथेच राहा ना. बाबांना काय, डबे आहेत त्यांना."

राहावं असं वाटतं. मनापासून वाटतं. काल नुसतं बघायला म्हणून इथल्या भाड्याच्या खोल्यांची चौकशी केली. मिसुझुला सांगितलं नाही. पुन्हा चोर मी!

५ नोव्हेंबर

आज तिकडे वाडीत पुन्हा कवायत होती. कानेआजींचा फोन आला. "या खेपेला मी बांधलं हो फडकं! तरी शंभर टक्के हुकलेच. तुमच्याच फाटकावर नव्हतं. मोरिहिदेला विचारलं, तर म्हणतो, घरातले सगळे अजून घरी कुठे आलेत?"